एका वेळी एकच नातेवाईक

"शी! ओलाच दिलास. पुसून तरी द्यायचास रे दादा. मान चिकचिकली माझी."

असं कुरकुरत आसावरीने मला गळ्यात अडकवलं. मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. सकाळपासून मी तिच्या भावाच्या, सलिलच्या गळ्यात होतो. जुलैतली ठाण्याची दमट हवा. त्यात तो औषधांच्या दुकानापासून रक्तपेढीपर्यंत आणि तिथून परत वॉर्डापर्यंत तीनदा जिने चढला होता. घाम त्याचा, बोल मला. पासाच्या नशिबी हे असायचंच.

हो, मी पास आहे. आता जुना झालो, पण अक्षरं अजून वाचता येतात. तुमच्या पंज्याएवढा पिवळा पुठ्ठा, वर प्लास्टिकचं आवरण, एका कोपऱ्यात भोक आणि भोकात हिरवी नाडी. माझ्यावर तीन ओळी आहेत. बालरोग वॉर्ड. खाट क्रमांक अकरा. एका वेळी एकच नातेवाईक. तिसरी ओळ लाल शाईत आहे आणि तिच्याखाली दोन रेघा आहेत. त्या दोन रेघांचा मला फार अभिमान होता.

माझा जन्म कोपरीतला. स्टेशनाच्या बाजूला एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या बाईंनी मला मोठ्या पुठ्ठ्यातून कापलं आणि दोन तापलेल्या रुळांमधून घातलं. चटका बसला खरा, पण बाहेर आलो तेव्हा अंगावर अशी चकाकी, की मला स्वतःचाच हेवा वाटला. माझ्याबरोबर आणखी एकोणीस भाऊ जन्मले, प्रत्येक खाटेला एक. त्याच संध्याकाळी आम्ही रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात खिळ्यांना लटकलो.

वॉर्डाच्या दारात दगडूमामा बसायचे. पहारेकरी. त्यांचं ब्रीद एकच: एक पास, एक माणूस. कुणी अजीजीने विचारलं, "मामा, दोनच मिनिटं, फक्त तोंड दाखवून येतो," तर ते माझ्या लाल ओळीवर बोट ठेवायचे. मग समोरचा माणूस खाली बघायचा आणि मागे फिरायचा. मला वाटायचं, काय आपला दरारा! मेट्रन एकदा पाहुण्यांना म्हणाल्या, "या पासांमुळे वॉर्डात शिस्त आहे." त्या दिवशी मी वाऱ्याशिवाय हललो.

आणि ते अगदी खोटं नव्हतं, बरं का. आजारी मुलांभोवती गर्दी झाली की जंतूही गर्दी करतात. पूर्वी म्हणे एकेका खाटेभोवती आठ-आठ माणसं डबे उघडून बसायची. तेव्हा मी आलो ते एका अर्थी बरंच झालं.

पाच वर्षांत किती गळे पाहिले मी! बाळकुमची एक कोळीण होती. तिच्या गळ्यात असताना मला सुकटीचा वास लागला. तो पुढे कल्याणच्या एका शिक्षकांच्या नाकाला इतका झोंबला, की त्यांनी मला साबणाने धुतलं. एका बाळाने दात येताना माझा कोपरा चावला. तो अजून मऊ आहे. मी सगळ्यांना आत नेलं. पण बाहेर कोण राहिलं, हे मी कधी पाहिलं नाही. माझं तोंड नेहमी आतल्या बाजूला असायचं ना.

मग अकरा नंबरच्या खाटेवर श्रिया आली.

नऊ वर्षांची. डोंबिवलीची. चौथीत जाणारी, जिभेला धार असलेली पोर. पहिल्याच दिवशी तिने सलाइन लावणाऱ्या गोदा सिस्टरना विचारलं, "तुम्ही हे आधी कुणावर तरी करून बघितलंय ना?" सिस्टर म्हणाल्या, "आज पहिल्यांदाच करतेय. तू हललीस तर शिकायची राहून जाईन." तेव्हापासून दोघींचं जमलं.

तिच्यासाठी मला चार गळे मिळाले. आई मेघना, बाबा सलिल, आत्या आसावरी आणि आजोबा. आजोबांना सगळं घर भाऊ म्हणायचं. रात्री आई, सकाळी बाबा, दुपारी आजोबा, संध्याकाळी आत्या; कुणाला जमलं नाही की पाळ्या बदलायच्या. डोंबिवलीहून येणं-जाणं, नोकऱ्या, घरचा स्वयंपाक, सगळं त्यांनी कागदावर नीट आखलं होतं. एकच गोष्ट आखायची राहिली. श्रियाला काय झालंय, हे तिला काय म्हणून सांगायचं?

त्या घरात एक शब्द उच्चारत नसत. भाऊंची बायको, सुमतीआजी, बारा वर्षांपूर्वी त्याच आजाराने गेली होती. तेव्हापासून कुणी शेजारी आजारी पडला तरी घरात "त्यांना ते झालंय" असंच म्हणायचे. आता तेच श्रियाला झालं होतं, रक्तात. डॉक्टरांनी सलिल-मेघनाला सांगितलं होतं, की मुलांमधला हा प्रकार मोठ्यांपेक्षा वेगळा असतो, उपचार लांबलचक असतात पण बरीच मुलं बरी होतात. त्यांनी ते ऐकलं, आसावरीला सांगितलं आणि तिघांनी मिळून ठरवलं की पोरीला कळू द्यायचं नाही. भाऊंना तर मुळीच नाही. त्यांचं हृदय नाजूक.

पण न कळू देण्यासाठी काय सांगायचं, हे ठरवायला तिघं एका जागी भेटायची कुठे? भेटायची ती दारात, माझ्या अदलाबदलीच्या वेळी. एका हाताने डबा द्यायचा, दुसऱ्याने चार्जर, आणि नाडी डोक्यावरून काढता काढता बोलायचं.

"दादा, तिला काय सांगितलंयस?"

"इन्फेक्शन."

"अरे देवा! मी टायफॉइड म्हटलंय."

"मग टायफॉइडचं इन्फेक्शन म्हण."

"आणि वहिनीने?"

"ओ, दारात संमेलन नको!" दगडूमामांचा आवाज यायचा. "एक आत, एक बाहेर. चला, चला."

की संपलं. मी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात आणि थाप तशीच अर्धवट.

श्रिया मात्र दिवसभर एकाच जागी. तिच्याकडे वेळच वेळ. ती प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायची आणि माणूस बदलला की चित्रकलेची वही काढायची. मी गळ्यात लटकत असल्याने मला वहीचं शेवटचं पान दिसायचं. तिथे तिने पट्टीने रकाने आखले होते.

मला काय झालंय? आई: रक्त कमी झालंय. बाबा: इन्फेक्शन. आत्या: टायफॉइड.

घरी कधी? आई: बीट खाल्लंस की. बाबा: गणपतीच्या आत. आत्या: येत्या सोमवारी, नक्की.

केस का गळतात? आई: शाम्पू बदलला ना. बाबा: पाणी खराब आहे. आत्या: अगं, माझेपण गळतात.

आजोबांच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एकच उत्तर होतं: डॉक्टरांना विचार, बाळा. खाली तिने बाईंसारखे गुण दिले होते. आई शून्य. बाबा शून्य. आत्या शून्य. आजोबा अर्धा.

तो अर्धा गुण का, ते मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यातली दुपार. मी भाऊंच्या गळ्यात होतो. गोदा सिस्टर मोठी सिरिंज घेऊन आल्या. आतलं औषध लालभडक, सरबतासारखं. मी छातीवर लटकणारा जीव. छातीतलं मला आधी कळतं. ते औषध पाहिलं आणि भाऊंच्या छातीत असा ठोका पडला, की मी उडून परत आपटलो. त्यांनी तो लाल रंग ओळखला. सुमतीआजीच्या हातात त्यांनी तो सहा वेळा जाताना पाहिला होता. मग भाऊंनी श्रियाच्या पायांवरची चादर उगाच तीनदा सारखी केली. तिने विचारलं तेव्हा थाप मात्र मारली नाही, डॉक्टरांकडे बोट दाखवलं; अर्धा गुण त्याचा.

संध्याकाळी मला आसावरीच्या गळ्यात घालून ते दारातल्या बाकावर बसले. आसावरी चपला काढायला रेंगाळली होती, म्हणून मला त्यांचं दगडूमामांशी बोलणं ऐकू आलं.

"पोरांना वाटतं, म्हाताऱ्याला माहीत नाही," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "वाटू दे. मला जपण्यात त्यांचा वेळ जातो."

"आणि पोरीला काय वाटतं, काका?" दगडूमामांनी विचारलं. "ती मला रोज विचारते, मामा, तुम्ही बाहेर बसता, माझी माणसं बाहेर काय बोलतात? मी म्हणतो, मला ऐकू कमी येतं."

आसावरी फोनवर होती. तिने ऐकलं नाही.

मग तो मंगळवार आला. श्रियाच्या पाठीच्या मणक्यातून औषध द्यायचं होतं. त्यासाठी मुलाने कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पाच मिनिटं अजिबात हलायचं नसतं. तिला खोकला झाला होता, छाती भरली होती. त्यामुळे झोपेचं औषध देता येत नव्हतं, नुसती जागा बधिर करायची होती. सलिल सकाळी तिला म्हणून गेला होता, "सुईबिई काही नाही गं, फक्त तपासणार आहेत."

टोचायच्या खोलीत नातेवाइकांना परवानगी नव्हती. मी आणि मेघना बंद दाराबाहेर उभे होतो. आतून श्रियाचा आवाज आला, "बाबा म्हणाले सुई नाही! बाबा म्हणाले नाही!" मग किंचाळी. चार जणांनी तिला धरलं. दोनदा टोचलं, दोनदा ती उसळली. शेवटी डॉक्टरांनीच थांबवलं. मेघनाने मला मुठीत इतकं आवळलं, की मला आडवी घडी पडली. ती अजून आहे.

डॉक्टर शिवानी बाहेर आल्या. तरुण आहेत, पण त्या दिवशी थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "असं धरून औषध नाही द्यायचं मला तिला. पण शुक्रवारपर्यंत हे औषध जायलाच हवं. उशीर झाला तर सगळे उपचार मागे पडतील. तिला तयार करा."

कोण तयार करणार? श्रियाने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बोलणंच टाकलं. मेघनाने गोष्ट वाचली, सलिलने नवा खडूंचा डबा आणला, आसावरीने मोबाइलवर मांजरांचे व्हिडिओ लावले. पाठच पाठ. मी प्रत्येकाच्या गळ्यातून ती पाठ पाहिली.

बुधवारी दुपारी गोदा सिस्टर तिचं तापमान घ्यायला आल्या. भाऊ पाणी आणायला गेले होते आणि मला खुर्चीवर विसरले होते. श्रिया भिंतीलाच म्हणाली, "जो मला खरं सांगेल ना, त्याचा हात धरून मी अजिबात हलणार नाही."

सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. "मी सांगू?"

"तुम्ही नको."

"का गं? माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे. पण तुम्ही सांगितलंत तर ते तुमच्या-माझ्यात राहील. मग घरचे आले की मला परत टायफॉइड व्हायचा." आणि तिने उशीखालून वही काढून शेवटचं पान सिस्टरांपुढे धरलं.

गोदा सिस्टर पान वाचून आधी हसल्या, आत्याच्या केसांच्या उत्तरापाशी. मग हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या लाल ओळीकडे. मित्रांनो, त्या दोन रेघांची मला पहिल्यांदा लाज वाटली. चार माणसं एका मुलीवर जीव टाकत होती आणि तीन आठवड्यांत ती चौघं एकदाही तिच्याजवळ एकत्र बसली नव्हती. कारण मी एकटाच होतो.

गुरुवारी सकाळी डॉक्टर शिवानींनी सलिल-मेघनाला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. मी मेघनाच्या गळ्यात होतो. गोदा सिस्टरांनी दिलेली ती वही डॉक्टरांच्या हातात होती.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "राउंडला ज्याच्या गळ्यात पास, त्याला मी तेवढं सांगत गेले. तुम्हाला चौघांना चार तुकडे मिळाले. आता एकदाच, सगळे मिळून, तिच्याजवळ बसा. मी असेन. पण बोलायचं तुम्ही."

"नऊ वर्षांची आहे हो ती," मेघना म्हणाली. "तिला तो शब्द..."

"तिला शब्द नाही माहीत. बाकी सगळं माहीत आहे. केस तिचेच गळतायत."

सलिल हळूच म्हणाला, "मग भाऊंना नको आत. त्यांना सोसणार नाही. आईच्या वेळेस..."

"आजोबांना अर्धा गुण आहे," डॉक्टर वहीवर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे सगळ्यात जास्त तेवढाच आहे. त्यांना बोलवा."

दुपारी चौघं दारात जमली तेव्हा दगडूमामा उठून उभे राहिले. "मॅडम, पास एक आहे आणि माणसं चार आहेत. मेट्रनना मी काय सांगू?"

"सांगा, शिवानी मॅडमनी आत घेतले. हात धुऊन, मास्क लावून."

दगडूमामांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते बाजूला सरले आणि कधी नव्हे ते दार स्वतः धरून उभे राहिले. मेघनाने मला काढून भाऊंच्या गळ्यात घातलं. निदान म्हाताऱ्या माणसाला कुणी हटकू नये म्हणून.

आता थोडं थांबा. पुढचं सांगितल्यावर मला काही बोलायचं उरणार नाही, म्हणून माझं काय झालं ते इथेच उरकतो.

त्या गुरुवारनंतर डॉक्टर शिवानी आणि गोदा सिस्टर मेट्रनच्या मागे लागल्या. मेट्रन आधी चिडल्या. मग त्याही एकदा अशा बैठकीला बसल्या आणि नंतर चिडल्या नाहीत. आता नवे पास आले आहेत, पांढरे. त्यांवर आई-वडील दोघांची नावं असतात, आजी-आजोबांना दुपारची वेळ आहे आणि डॉक्टर राउंडला येतात तेव्हा घरच्यांना एकत्र आत घेतात. टोचायच्या खोलीतही एक जण मुलाच्या उशाशी बसू शकतो; त्याची सुरुवात दुसऱ्याच दिवशी, अकरा नंबरपासून झाली. मी गोदा सिस्टरांच्या खणात पडून आहे, न चालणारी पेनं आणि एका फुटक्या थर्मामीटरच्या डबीशेजारी. कुणी मला पुसत नाही. वाईट वाटतं का? थोडंसं. काम सुटलं की कुणालाही वाटतं. पण मी निरुपयोगी झालो म्हणून कुणाचं तरी भलं झालं, असं किती जणांना म्हणता येतं?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात कुणी आजारी पडलं तर त्याच्याभोवती आळीपाळीने थापा घेऊन जाऊ नका. हात धुवा आणि सगळे मिळून बसा. आणि आजारी तुम्हीच असाल, लहान असाल, आणि मोठी माणसं भलतंच सांगत असतील, तर विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. ती माणसं वाईट नसतात.

तर, ती चौघं खाट क्रमांक अकराभोवती आली. श्रियाने पायांचा आवाज ऐकला. जास्तीचे पाय. ती वळली आणि इतके जण एकदम पाहून आधी घाबरलीच.

"सगळे कसे आलात? मी मरणार आहे का?"

"नाही गं, काहीतरीच काय!" तिघं एकदम म्हणाली. डॉक्टर एक पाऊल मागे सरल्या. गोदा सिस्टरांनी पडदा ओढला.

सलिल खाली बसला. "ऐक हं श्रिया. आपल्या रक्तात की नाही, पांढऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे अशा... सैनिकांसारख्या..." तो मेघनाकडे बघायला लागला.

"म्हणजे ते रक्त कमी झालेलं ना," मेघना म्हणाली, "ते त्यामुळेच..." आसावरी पर्समध्ये रुमाल शोधत होती. रुमाल तिच्या हातातच होता.

श्रियाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती हळूहळू भिंतीकडे वळू लागली.

भाऊंनी मला गळ्यातून काढलं आणि पायथ्याशी चादरीवर ठेवलं. ते खाटेच्या कडेला बसले. सुना-मुलांसमोर ते असे कधी कुणाच्या अंथरुणावर बसत नसत.

"भाऊ, तुम्ही नका," मेघना घाईने म्हणाली. "तुम्हाला नाही माहीत..."

"मला सगळं माहीत आहे," भाऊ म्हणाले. "ते लाल औषध मी तुमच्या आधीपासून ओळखतो. सुमतीला मी शेवटपर्यंत साधी गाठ आहे म्हणून सांगत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे अशीच बघायची आणि अशीच भिंतीकडे वळायची. एकदा पुरे झालं."

त्यांनी हात पुढे केला. श्रियाने तो लगेच धरला नाही.

"श्रिया, इकडे बघ. तुला कॅन्सर झालाय. रक्ताचा. टायफॉइड नाही, शाम्पू नाही, बीट नाही. औषधं खूप दिवस घ्यावी लागतील, उद्याची सुई दुखेल, आणि डॉक्टर म्हणतात, तुझ्याएवढी बरीच मुलं यातून बरी होतात. सगळीच होतात, असं मी म्हणणार नाही. आम्हा सगळ्यांना हे पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, बाळा. तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं, असं आम्ही म्हणत होतो. पण घाबरलेले आम्ही आहोत."